तंबाखूच्या बोदातली बियर

नेमू, माणसानं जावं, त्याला कुणाचा इलाज नाही. पण जाण्याआधी बियरच्या बाटल्या तंबाखूच्या कुठल्या पोत्यात, कुठल्या बोदात ठेवल्यास एवढं तरी सांगायचं होतंस.

त्या सकाळी निपाणीहून आलेल्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं बेळगावच्या कॅम्पात आमच्या दुकानासमोर गाडी थांबवली आणि खिडकीतून मान बाहेर काढून सांगितलं, "परशरामकाका, तुमचं नेमगोंडा सावकार गेलं की हो! अंगणात तोंड धुवायला बसलं ते उठलंच न्हाईत." खरं सांगतो, पहिल्यांदा आठवल्या त्या बाटल्या. दुःख मागाहून आलं. वंटमुरीच्या घाटात ती कोळशाच्या गॅसवरची मोटार दम घ्यायला थांबली, बाकीची माणसं पाय मोकळे करायला उतरली, तेव्हा मी एकटा आत बसून रडलो. मग पुन्हा बाटल्या आठवल्या आणि रडणं थांबलं. धड रडूसुद्धा दिलं नाहीस तू मला.

तुला हसू येत असेल. तू बेफिकीर आणि मी घाबरट, ही वाटणी शाळेतच झाली होती. बेळगावच्या इंग्रजी शाळेत आपण एका बाकावर. तू निपाणीच्या तंबाखूवाल्याचा मुलगा, जैन बोर्डिंगात राहायचास. मी मच्छे गावाहून भाकरी बांधून चालत यायचो. घंटा झाल्यावरही तू चिंचा पाडत उभा राहायचास आणि मास्तर आले का ते बघायला मी फाटकाशी. शाळा सुटली, तू वडिलांच्या वखारीत गादीवर बसलास आणि मी कॅम्पातल्या पारशाच्या दुकानात कारकून झालो. फाटकाशी उभं राहायचं काम मात्र माझ्याकडेच राहिलं.

ते दुकान गोऱ्या पलटणीच्या मेसला माल पुरवायचं. जॅम, बिस्किटं, मेणबत्त्या आणि जगभरातली बियर. मुरगाव बंदरात उतरलेल्या पेट्या कॅसलरॉकचा घाट चढून यायच्या. पावसाळ्यात सगळं ओलं व्हायचं आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडायच्या. साहेबाला बिनचिठ्ठीची बाटली चालत नाही. आत तीच बियर असली तरी नाक मुरडून परत पाठवायचा. मग आमचे शेठजी ती माझ्या पदरात टाकायचे. पगार वाढवण्यापेक्षा ते त्यांना सोयीचं होतं.

तू कोर्टाच्या तारखेला बेळगावला आला होतास आणि मच्छ्याला माझ्या मळ्यात जेवायला थांबलास, ती पहिली वेळ. विहिरीत दोरीनं सोडलेली बाटली मी वर ओढली. वाटलं होतं, तू तोंड फिरवशील, फार तर दोन शब्द सुनावशील. तू बाटली उन्हात धरून रंग बघितलास, बूच काढल्यावर डोळे मिटून वास घेतलास, जसा तंबाखूच्या पानाचा घ्यायचास. मग उपरण्याचं टोक चौघडी करून पेल्यावर धरलंस आणि म्हणालास, "वत."

"अरे फेस गेला की सगळा! बियर कुणी गाळून पितं का?"

"मी गाळल्याबिगर पाणीबी पीत न्हाय. हे कसं पिऊ?"

"तुमच्यात दारूच चालत नाही, आणि तू गाळायचं काय घेऊन बसलास?"

"एक मोडलं म्हणून सगळीच मोडायची व्हय रं?"

तू जन्मभर बियर गाळून प्यालास. दिवस मावळतीला लागला की पेला अर्धा असला तरी खाली ठेवायचास, कारण सूर्यास्तानंतर तोंडात काही घालायचं नाही. तुझी उरलेली माझ्या वाट्याला यायची. थंडीत दिवस लहान, त्यामुळं थंडीत माझी चंगळ. तिसरा नियम निपाणीच्या हद्दीत थेंब घ्यायचा नाही हा. घरी वैनी होती, पुढं तुझी लेक पद्मा झाली, बस्तीत म्हणजे तुमच्या देवळात तुझा मान होता. घरी खोटं बोलावं लागू नये म्हणून हे सगळं मच्छ्यात. मळ्यात कुणी येतंय का ते बघायला अर्थात मी.

बियर कशी आहे हे तोंडानं सांगायचं नाही, हीही तुझीच टूम. तंबाखूच्या सौद्यात व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. तसं आपण दोघांनी तुझ्या रुमालाखाली हात घालायचे आणि एकदमच बोटं दाबायची. एक म्हणजे टाकाऊ, पाच म्हणजे उत्तम. "बोललं की माणूस दुसऱ्याच्या मतानं जातोय," म्हणायचास. त्यानंतर तू देश ओळखायचास. पेटीवरचा शिक्का मी दुकानात बघून आलेला असायचो, पण तुझं नाक क्वचितच चुकायचं. काळी, भाजलेल्या जोंधळ्याच्या वासाची ती आयर्लंडची. पिवळीधमक, शेवटी स्वच्छ कडू लागणारी ती जर्मनीची. डेन्मार्कची तशीच, पण कडूपणा जरा भिडस्त. जपानची इतकी हलकी, की तू म्हणायचास, ही बियर भेटायला येते आणि चहा न घेताच जाते.

विलायती, म्हणजे इंग्रजांच्या बियरवरून मात्र आपलं कधी जमलं नाही. तू खादी वापरायला लागलास त्या वर्षापासून विलायतीला तू एकच बोट. मी म्हणायचो, कापडावरचा राग बियरवर काढू नकोस, तिची चव बघ. तू म्हणायचास, चव बघूनच सांगतोय. पण तुझा पेला माझ्याआधी रिकामा व्हायचा, नेमू. मी काही आंधळा नव्हतो. एकदा मी मुद्दाम पहाडावरच्या देशी कारखान्याची बाटली आणली, आणि तू चार बोटं दाबून छातीठोक सांगितलंस, "जर्मन." खरं काय ते सांगितल्यावर तू एवढा खूश झालास की विहिरीच्या काठावर उभा राहिलास. म्हणालास, "मग स्वराज्य यायला काय हरकत न्हाय."

लढाई लागली आणि एकेक देश आपल्या विहिरीतून नाहीसा झाला. आधी जर्मन पेट्या बंद झाल्या, मग डेन्मार्कच्या, मग जपानच्या. लोक वर्तमानपत्रात बघायचे, आपण पेट्यांवरून ओळखायचो. पुढं पुढं ऑस्ट्रेलियाची तेवढी यायची. तिला तू अडीच बोटं द्यायचास, अर्धं बोट कसं दाबायचं हे फक्त तुलाच जमायचं.

आता लढाई संपली, गोरी पलटण चाललीय, आणि दारूबंदी येणार म्हणून शेठजी दुकान गुंडाळायला निघालेत. गेल्या महिन्यात तू शेवटचा आलास तेव्हा तळाच्या पेटीतल्या उरल्यासुरल्या बिनचिठ्ठीच्या बाटल्या मी मळ्यात आणून ठेवल्या होत्या. त्यातली एक आपण प्यालो. मी विहिरीवर पेले धुवायला गेलो आणि परत आलो तर पेटी रिकामी, तुझी पिशवी फुगलेली.

"हे काय करतोयस?"

"बोदात घालून मुरवतो."

मी कपाळाला हात लावला. बोद म्हणजे तंबाखू दाबून भरलेलं ते भलंमोठं पोतं. त्यात आत ऊब धरते, कोवळ्या तंबाखूचा उग्रपणा जातो आणि गोडी येते, हे तू मला शंभरदा सांगितलेलं. पण त्यावरून बियरही तशीच मुरेल हे फक्त निपाणीच्या तंबाखूवाल्यालाच सुचू शकतं. मी म्हणालो, बियरला ऊब लागली की ती नासते, शेठजी नेहमी सांगतात. तू म्हणालास, "तुझा शेठ इकतोय, पितोय थोडाच. कडू माल मुरला की सुधारतोय, हे आमच्या बापजाद्यांचं ग्यान हाय." पद्माचं लग्न पार पडलं की एक बाटली मळ्यात आणायची आणि दूध का दूध करायचं, अशी पैज लागली.

"आणि निपाणीच्या हद्दीचं काय?"

"प्यायची न्हाय, ठेवायची हाय. ठेवायला कुठली हद्द?"

"आणि कुणाला सापडली तर?"

"माझ्या वखारीत माझ्याशिवाय बोद कोण उघडतंय रं?"

हेच तुझं शेवटचं वाक्य माझ्याजवळ आहे. बाकीच्या लोकांना जाणारा माणूस काही तरी चांगलं सांगून जातो.

मी निपाणीत पोचलो तेव्हा तुला नेऊन झालं होतं. अंगणात सतरंजी, सोप्यात माणसं, आत वैनीभोवती बायका. पद्मा माझ्याजवळ येऊन बसली, काका म्हणून हात धरला, आणि मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत वखारीच्या बंद दाराकडे बघत होतो. मनात एकच हिशेब चालला होता. चावी कुणाकडे आहे, आणि मला आत एकट्याला जाता येईल का? एवढ्या वर्षांचा दोस्त गेलाय आणि आपण असलं काय करतोय, अशी लाजही वाटत होती. पण तिचं लग्न चिकोडीच्या ज्या घरात ठरवलंस ते घर मला ठाऊक होतं. तिथं पाणी दोनदा गाळतात. पद्माच्या होणाऱ्या सासूबाई कांदा दारातून आत येऊ देत नाहीत. सोयरीक करताना त्यांनी हुंड्याचं काही विचारलं नव्हतं, फक्त घराण्याचा आचार विचारला होता. तू मान वर करून उत्तर दिलंस, आणि मी शेजारी बसून सुपारी घशात अडकल्यासारखा खोकलो होतो.

दुसऱ्या दिवशी चिकोडीचे आप्पासाहेब, म्हणजे तुझे होणारे व्याही, स्वतःच पुढं झाले. माणूस सज्जन आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गुजरातचा व्यापारी आधी ठरलेल्या सौद्यासाठी गाड्या घेऊन दारात उभा होता, तुझ्या घरात दुसरा कर्ता पुरुष नाही. आप्पासाहेबांनी वैनीकडून चावी मागून घेतली आणि म्हणाले, "मासला बघून माल तेवढा लावून देतो. नेमण्णाचा शब्द खाली पडाय नको."

मीही उठलो. मागोमाग गेलो. ते प्रत्येक बोदाची शिवण थोडी उसवायचे, कोपरापर्यंत हात घालून आतली तंबाखू काढायचे, व्यापाऱ्याला दाखवायचे, शिवून टाकायला सांगायचे. तंबाखू निवडणाऱ्या बाया भिंतीशी बसून बघत होत्या. मी म्हणालो, "आप्पासाहेब, तुम्ही दमलात. मी काढतो मासला."

"तुमास्नी काय कळतंय तंबाखूतलं? बसा तुमी."

बसलो. त्यांचा हात आत गेला की माझा श्वास बंद, बाहेर आला की सुरू. तुला सांगतो, नेमू, तेवढ्या वेळात मी तुला ज्या शिव्या घातल्या त्या शाळेतसुद्धा कधी घातल्या नव्हत्या. या रांगेत ठेवलीस का त्या? खाली का वर? एखादी खूण करायचीस, दोरा बांधायचास. मनात आलं, आता बोद संपत आले, कदाचित तू ठेवल्याच नसशील, कदाचित वाटेत मन बदललं असेल. तेवढ्यात आप्पासाहेबांचा हात आतच थांबला.

त्यांनी बाटली बाहेर काढली आणि धोतरानं पुसली. त्यांना कळेना काय आहे ते. तो गुजराती पटकन म्हणाला, "आ तो बियर छे." बायांचे हात थांबले. जेवायला बोलवायला आलेली पद्मा दारात उभी होती. आणि आप्पासाहेबांची नजर हळूहळू तुझ्या रिकाम्या गादीकडे वळायला लागली. ती तिथं पोचायच्या आत मी उठलो.

"माझी आहे ती."

"तुमची? हितं कशी आली?"

"मीच ठेवलेली. मागच्या खेपेला आलो होतो तेव्हा. कॅम्पातल्या दुकानात काम करतो, सवय लागली. घरी ठेवायची चोरी. नेमण्णाला यातलं काही माहीत नव्हतं."

जन्मभर भीत भीत जगलो, पण ते बोलताना माझी जीभ कुठं अडखळली नाही. मलाच नवल वाटलं.

"म्हंजे त्या देवमाणसाच्या वखारीत, त्याच्या माघारी, तुमी असलं ठेवत हुतासा?"

"व्हय."

"आनी किती हायत?"

"एकच," म्हणालो. तू पिशवीत किती भरल्यास मला कुठं ठाऊक होतं!

ते बाटली हातभर लांब धरून अंगणाच्या कडेला घेऊन गेले आणि गड्याकडून लोखंडी पहारीवर तिचं बूच उडवलं. इतके दिवस उबेत बसलेली ती, एकदम उसळली. गड्याच्या हातावर, धोतरावर, जमिनीवर फेसच फेस. आणि वास आला. मी तुझ्यासारखा नाकाचा राजा नाही, पण एवढं मलाही कळतं. ओल्या कुजक्या गोणपाटाचा वास. नासली होती, नेमू. पार नासली होती. पैज मी जिंकलो होतो, आणि ते ज्याला तोंडावर सांगायचं तो नव्हता. आधी मला हसू यायला लागलं, ते दाबायला गेलो आणि डोळ्यांतून धारा लागल्या, काही केल्या थांबेनात.

आप्पासाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग जमलेल्या माणसांना म्हणाले, "बघा. कालपास्नं ह्या माणसाच्या डोळ्यात टिपूस नव्हतं. बाटलीसाठी रडतोय."

त्यानंतर त्यांनी आवाज चढवला नाही. बाजूला घेऊन सांगितलं, "आमच्या घरची मानसं कशी हायत तुमास्नी ठावं हाय. लग्नाला तुमी येऊ नगासा." मी मान हलवली. वैनीनं माझी पिशवी बाहेर पाठवून दिली, स्वतः आली नाही. ती काय समजली, काय नाही, मी सांगू शकत नाही. कधी वाटतं तिला सगळं आधीच माहीत असेल, मळ्यातून परत गेल्यावर तुझ्या उपरण्याला वास येत नव्हता थोडाच! कधी वाटतं, नाही, माझंच तोंड बघायची तिची इच्छा उरली नसेल. हा प्रश्न मला आता जन्मभर पुरेल.

पद्मा मात्र फाटकापर्यंत आली. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून मळ्यात पेरू तोडायची ती पोर. माझ्यासमोर तिनं कधी पदर सावरला नव्हता, त्या दिवशी डोक्यावरून ओढून घेतला.

"बाबा तुमास्नी सख्ख्या भावागत मानत हुते, काका. असं कसं केलासा?"

"चुकलं, पोरी," म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून मी इथं दुकानाच्या पायरीवर बसून असतो. निपाणीची मोटार आली की ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढतो का ते बघतो. ते सगळे बोद गाड्यांवर चढून गुजरातला गेले. प्रत्येक बोदात मासला एकाच जागेवरून काढतात, बाकीच्या पोटात काय आहे ते देव जाणे. उद्या तिकडं कुणी बोद फोडला आणि आणखी एक बाटली निघाली, तर तीही माझीच म्हणायला मी तयार आहे. पण मला विचारायला कोण येणार? ते थेट चिकोडीला कळवतील. लग्न होऊन जाईपर्यंत एवढी धाकधूक मला सोसायची आहे. तुझ्यावर रागावतो, मग जेवायला बसल्यावर तुझी ती अडीच बोटं आठवतात आणि राग जातो, आणि घासही जात नाही. एवढा आनंद मला दुसऱ्या कुणी दिला नाही. पगार होता, संसार होता, पण जगात किती देश आहेत आणि प्रत्येकाच्या पाण्याला वेगळी चव असते, हे मच्छ्याच्या विहिरीवर बसून मला तुझ्यामुळं कळलं. हे तुला समोर कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू चेष्टा केली असतीस.

सुतक फिटलं की साधेपणानं लग्न उरकणार आहेत. पद्मा माझा राग राग करत सासरी जाईल आणि तुझं नाव घेताना मान ताठ ठेवील. अक्षता पडतील तेव्हा मांडवात आपण दोघंही नसू. तुझ्यासाठी बायका डोळे पुसतील. माझं नाव कुणी काढलंच, तर ती म्हणेल, तो माणूस आमचा कुणी नव्हे. ते तुला वर ऐकू आलं तर गप्प बस, नेमू. तुझी खोड मला ठाऊक आहे. मध्येच काही बोलायला जाऊ नकोस.